तुमच्या हातचं वाटत नाही

गोधडी शिवता शिवता भांडण होईल, असं दोन वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. भांडणं होतात ती बचत गटात, हिशेबाच्या वहीवरून. नळावर होतात, ग्रामसभेत होतात. पण जिथे पैसा नाही, पद नाही, निवडणूक नाही, नुसती हौस आहे, तिथे कसलं आलंय भांडण? तरी झालं. त्याला भांडण म्हणावं की नाही, हाही प्रश्नच आहे. कुणी आवाज चढवला नाही. एक वाक्य बोललं गेलं, एक बाई आपलं सामान गोळा करून उठून गेली, आणि उरलेल्या तेरा जणी खाली मान घालून टाके घालत राहिल्या.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जमतो. आधी देवळाच्या सभामंडपात जमायचो. पण दर खेपेला दोघी-तिघी 'बाहेरच्या' असायच्या आणि पायरीशीच बसून राहायच्या, म्हणून जागा बदलली. (हा 'बाहेरची' शब्दही बघण्यासारखा आहे. घरात बसलेल्या बाईला महिन्याचे चार दिवस बाहेरची म्हणायचं!) आमचं मंडळ म्हणजे बचत गट नाही, गृहउद्योगही नाही. वर्गणी नाही. जुनी लुगडी, धोतरं, फाटके परकर आणायचे, कुणी दुपटं शिवतं, कुणी मोठी वाकळ. शिवताना बोलायचं ते काठाबद्दल, अस्तराबद्दल, दोऱ्याबद्दल.

यात चळवळीचं काय, असं एका कार्यकर्तीने मला विचारलं होतं. तिला मी एवढंच म्हटलं की आमच्याकडे ये आणि बायकांचा दिवस बघ. कापसाची वेचणी, सोंगणी, मोसंबीच्या बागेतली कामं, बियाण्याच्या प्लॉटवर फुलांचं क्रॉसिंग, आणि दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलपं, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. या दिवसातून दोन तास काढून कामाचं नसलेलं काही करायला बसणं सोपं नाही. 'रिकामी बसलीय' असं सासू म्हणते, नवरा म्हणतो, शेजारीण म्हणते. हौस हाही हक्कच आहे, असं मला वाटतं. तो मिळवायला आम्हाला बराच वेळ लागला.

तर त्या शनिवारी आमच्यातल्या एकीने नव्याने पुरं केलेलं दुपटं आणलं होतं. हिरव्या लुगड्याच्या काठाची चौकट, आत मऊ झालेल्या धोतराचं अस्तर, आणि चौकोनात चौकोन अशा धावदोऱ्याच्या ओळी. दोन ओळींत बोटभर अंतर, कुठे कमी नाही की जास्त नाही. दुपटं हातोहात फिरत बाईंपाशी आलं. बाई म्हणजे आमच्या गावात तीस वर्षं शिकवलेल्या, आता सत्तरी गाठलेल्या. आमच्यातल्या निम्म्या जणी त्यांच्याकडे पाटीवर अक्षरं गिरवलेल्या. बाईंनी चष्मा लावला, दुपटं उलटं केलं, मागचे टाके बघितले आणि म्हणाल्या, "तुमच्या हातचं वाटत नाही हो हे!"

कौतुक होतं ते. बाजारातल्या मशीनचं वाटावं इतकं सुबक झालंय, असं बाईंना म्हणायचं होतं. निदान त्यांनी पुढे तसं सांगितलं, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण ज्या मैत्रिणीचं दुपटं होतं तिचा चेहरा उतरला. तिने ते बाईंच्या मांडीवरून उचललं, घडी घातली, पिशवीत कोंबलं आणि गेली.

इथे माझी चूक सांगते. मी तिच्यामागे शाळेच्या फाटकापर्यंत धावले आणि म्हटलं, "अगं, बाईंच्या मनात तसं काही नव्हतं!" ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तसं म्हंजे कसं, ताई?" मला उत्तर देता आलं नाही. कारण 'तसं' म्हणजे कसं, ते मलाही बरोबर कळलेलं होतं. कळलं नसतं तर मी धावलेच नसते.

आठवड्याने मी तिच्या घरी गेले. तिची वस्ती गावाच्या पूर्वेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर आमच्याही गावात पाटी बदलली, पण पत्ता सांगताना लोक अजून जुनंच नाव घेतात. ती दारात कपाशीच्या पळाट्या रचत होती. बसायला दिलं, पाणी दिलं, आणि मी विषय काढायच्या आधी स्वतःच बोलली.

तिची आई गावातल्या मोठ्या घरांच्या गोधड्या शिवून द्यायची. मोबदला म्हणून पायलीभर ज्वारी. गोधडी द्यायला गेलं की ती ओट्यावर ठेवायची. मग घरातली बाई तिच्यावर पाणी शिंपडायची, दिवसभर उन्हात टाकायची आणि संध्याकाळी आत न्यायची. "माझ्या मायच्या हातची गोधडी आंगावर चालत होती," ती म्हणाली, "पण मायच्या हातचं पाणी चालत नव्हतं. म्या ल्हान व्हते तव्हा माय म्हणायची, आपल्या हातचं त्यायला फकस्त थंडीत चालतं." मग जरा थांबून म्हणाली, "बाईनं कौतुक केलं आसंल. नाही म्हणत न्हाई. पण त्या बोलण्याचे दोन अर्थ व्हते ना ताई? दोन्ही माझ्याच पदरात आले. बाईकडं एकच ऱ्हायला."

एवढं नेमकं मी कुठल्या चर्चासत्रात ऐकलेलं नाही. 'हातचं' हा साधा शब्द. आईच्या हातची भाकरी म्हणताना आपल्याला गहिवरून येतं. पण हाताला विटाळ मानणारी व्यवस्था ज्यांनी सोसली, त्यांच्या कानावर हा शब्द दुसऱ्याच वाटेने येतो. ज्याचं पाणी कधी कुणी नाकारलं नाही, त्याला ती वाट माहीत असायचं कारण नाही. म्हणून बोलणारा निर्मळ मनाने बोलू शकतो आणि तरीही ऐकणाऱ्याला लागू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

दुसरा शब्द 'तुमच्या'. मराठीत 'तुम्ही' दोन कामं करतो. एका माणसाला मान द्यायचा तरी तुम्ही, आणि समोर पुष्कळ माणसं असली तरी तुम्हीच. बाई शाळेत असल्यापासून प्रत्येकीला अहो-जाहो करतात. गावात जिच्या आईला म्हातारपणीही 'ए' म्हणूनच हाक मारली गेली, तिला बाई 'तुम्ही' म्हणतात, आणि याचा त्यांना रास्त अभिमान आहे. पण त्या दिवशी बाईंनी मानाचा 'तुम्ही' उच्चारला आणि तिला अनेकवचनी ऐकू आला. तुम्हा लोकांच्या हातचं. तिचा कान तिखट आहे असं म्हणून हे सोडून देता येईल. पण तो कान तिखट कुणी केला?

'आपण'ची तर कथाच वेगळी. "आपण शनिवारी चहा ठेवू" असं एखादी म्हणाली की चहा कोण ठेवणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणणारी तर नक्कीच नाही! आणि 'आपल्यातलीच आहे' म्हटलं की ऐकणारी आधी आजूबाजूला बघते, कोण कोण बसलंय ते. २०२३ च्या सप्टेंबरात आमच्याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण चालू असताना लाठीमार झाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथून जवळच वडीगोद्रीत ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झालं. त्या काळात 'आम्ही', 'तुम्ही' आणि 'आपण' हे तिन्ही शब्द आमच्या गावात जपून वापरावे लागत. प्रदर्शनासाठी नावं घेताना आमच्यातली एक वही चाळत सहज म्हणाली, "तुमची नोंद सापडत नाही हो." आणि समोरची फणकारली, "आमची नोंद तुम्ही कशाला शोधता?" कुणबी नोंदींचे दिवस होते ते. वहीतली नोंद म्हणायची होती हे कळल्यावर दोघी हसल्या. पण पहिल्या क्षणी कुणी हसलं नव्हतं.

दोन अर्थ पुष्कळ शब्दांना असतात. प्रश्न असा आहे की दुसरा अर्थ जाऊन पडतो कुणावर? 'धंदा' शब्द घ्या. बाप्या म्हणाला, "मी धंदा करतो," तर लोक विचारतात, कशाचा? बाई म्हणाली, "मी धंदा करते," तर लोक विचारतच नाहीत, हसतात. बांगड्यांचं दुकान चालवणारी आमची एक मैत्रीण बँकेत कर्ज मागायला गेली. 'धंदा' म्हणाली आणि रांगेतले दोघे खाकरले. तेव्हापासून ती 'व्यवसाय' म्हणते, आणि तो शब्द तिच्या तोंडी अजून परका वाटतो. आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून 'पुणे वैभव' पत्राने समस्त बायकांवर चिखल उडवला होता, त्याला ते उत्तर होतं. बायकांना जे जे दोष लावता ते तुमच्यात नाहीत का, असं त्यांनी पुरुषांना एकेक दोष घेऊन विचारलं. तेव्हापासून आजपर्यंत शब्दांची ही वाटणी फारशी बदललेली नाही.

हे सगळं मी बाईंना शिकवायच्या थाटात लिहिते आहे असं वाटत असेल, तर माझीही एक गोष्ट ऐका. गेल्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आम्ही गोधड्यांचं छोटंसं प्रदर्शन भरवलं आणि प्रत्येकीला प्रमाणपत्र दिलं. नावामागे काय लावायचं यावर चर्चा झाली. कुणाला 'सौ.' आणि कुणाला दुसरं काही, असा भेद नको, सगळ्यांना सरसकट 'श्रीमती' लावा, असा आग्रह मीच धरला. मला वाटलं, केवढं समतेचं काम केलं! प्रमाणपत्रं वाटली आणि एक जण रडायलाच लागली. तिचा नवरा त्या महिन्यात जालन्याला दवाखान्यात होता, पोटाचं ऑपरेशन झालेलं. "मालक जित्ते असताना मला श्रीमती काहून केलं?" आमच्या भागात लग्नपत्रिकांवर वर्षानुवर्षं 'श्रीमती' लागलंय ते नवरा गेलेल्या बाईला. मी कागदावरचा अर्थ धरून बसले होते, ती गावातला. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "अहो, माझ्या मनात तसं नव्हतं!"

तिचं ते रडणं मला पटलं नव्हतं, हेही सांगते. नवऱ्याच्या असण्यावर आपलं नाव तोलू नये, असं मला आजही वाटतं. पण माझं मत बरोबर असणं आणि त्या दिवशी दवाखान्यातून धावत आलेल्या बाईला मी न विचारता ती चिठ्ठी लावणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचारायला काय लागत होतं? 'तुमच्या नावाआधी काय लिहू? की काहीच नको?' चौदा जणींना विचारायला दहा मिनिटं लागली असती.

न विचारता दिलेला मान कसा अंगलट येतो, हे २०२३ च्या एप्रिलमध्ये सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी आपल्या खात्याच्या प्रधान सचिवांना पत्र लिहिलं. अपंगांसाठी 'दिव्यांग' शब्द आला, तसा विधवांना सन्मान मिळावा म्हणून 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याबाबत चर्चा करून प्रस्ताव द्या, असं त्यात होतं. राज्यभरातून टीका झाली, आणि निर्णय झालेला नाही, चर्चा करायला सांगितलं होतं, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला. वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. पण 'गं. भा.' हा शब्द नवा नव्हताच. जुन्या पत्रिकांमध्ये, पत्रांच्या पत्त्यांवर तो वर्षानुवर्षं छापून येत होता. दोन पवित्र नद्यांची नावं, आणि अर्थ मात्र एवढाच की ही बाई आता कुंकवाची धनी नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने इतर गावांसाठीही परिपत्रक काढलं. एका गावाने बांगड्या फोडणं थांबवलं आणि मंत्रालयाला वाटलं नाव बदलावं. हेरवाडच्या ठरावाने निदान कुणाच्या हातातल्या बांगड्या तरी वाचतात.

हा विषय मी बाईंपाशी मुद्दाम काढला, कारण बाईंचे यजमान त्या चौतीस वर्षांच्या असताना गेले. त्या दुपट्याच्या प्रसंगानंतर बाई माझ्यावर रुसल्या होत्या. "कौतुक करायचीही चोरी झाली," म्हणाल्या. "आता शनिवारी तोंडाला टाका घालूनच येते." मी म्हटलं, बाई, तुम्हाला पत्रिका यायच्या त्यांवर काय लिहिलेलं असायचं? त्या म्हणाल्या, गं. भा. मग म्हणाल्या, "मी पेनाने खोडायचे ते. पत्रिका ठेवून द्यायच्या आधी खोडायचे. कुणी बघत नव्हतं, तरी." मी विचारलं, लिहिणाऱ्यांच्या मनात काय असायचं? बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मानच असायचा गं."

पुढे मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

शब्द बदलल्याने काही होत नाही, असं चळवळीतल्याच काही जणी म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मराठवाड्यात राहून असं म्हणणं तर फारच अवघड. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि आमच्याकडे घरं जळली, माणसं मारली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ ला जे झालं त्याला 'नामांतर' म्हणायचं की 'नामविस्तार', यावरही लोक अडून बसले. एका शब्दाच्या दोन बाजूंना केवढं आयुष्य असतं, ते आम्हाला माहीत आहे.

टाकलेल्या बायकांचंच बघा. 'नवऱ्याने टाकलेली', 'सोडलेली', 'माहेरी बसलेली'. यातल्या 'सोडलेली'चे किती अर्थ! सोडून दिलेली, मोकाट सोडलेली, कुणीही हात टाकावा अशी. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाच्या पुढाकाराने परित्यक्ता परिषद झाली तेव्हा या बायका आपलं दुःख घेऊन उघडपणे एकत्र आल्या. 'परित्यक्ता' हा संस्कृत शब्द आमच्या बायकांच्या जिभेवर वळत नव्हता, तरी तो घेऊन त्या अर्ज भरू लागल्या, कारण त्यात शिवी नव्हती. पुढे 'एकल महिला' आला. त्यात नवऱ्याने काय केलं याचा उल्लेखच नाही, म्हणून मला तो जास्त आवडतो. पण आमच्याकडच्या तोडीच्या टोळीत अजून वेगळीच भाषा चालते. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाच्या दृष्टीने तो नुसता हिशेबाचा शब्द आहे, एकट्या गड्यालाही तो अर्धाच म्हणतो. पण नवरा गेलेल्या बाईला वर्षश्राद्धाच्या आत कुणी विचारतं, "आता अर्धा कोयताच ना तुझा?" तेव्हा तो शब्द हिशेबापुरता राहत नाही. तो ऐकून एक बाई टोळीतून घरी परत आली होती. पोरांना काय खाऊ घालायचं, हा प्रश्न होता तरी आली.

मग बोलायचंच नाही का, हा बाईंचा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. तो खरा प्रश्न आहे. प्रत्येक शब्द गाळून घ्यायचा म्हटलं तर आमच्या शनिवारी फक्त सुईचा आवाज येईल. आमच्या भागातल्या बायका एकमेकींची थट्टा करण्यात पटाईत आहेत. लग्नात विहिणी-विहिणी एकमेकींना गाण्यातून काय काय म्हणत! काळी म्हणत, खादाड म्हणत, त्याहून पुढचंही म्हणत, आणि लगेच पंगतीला शेजारी बसत. ते चालायचं, कारण एक गाणं झालं की दुसऱ्या बाजूची पाळी असायची. दोन्हीकडे तोंड होतं. आमच्या मैत्रिणीला त्या दिवशी पाळीच नव्हती. तीस वर्षं शिकवलेल्या बाईंना, भर व्हरांड्यात, तेरा जणींसमोर ती काय उत्तर देणार होती? तिच्यापाशी एकच उत्तर होतं, उठून जाणं. ते तिने दिलं.

आणि आम्ही काय केलं? आमच्यातली एक म्हणाली, "इथं जातीपातीचं नको, आपण शिवणापुरतं बोलू." ऐकायला किती शहाणपणाचं! पण शिवणापुरतंच तर बोलणं चाललं होतं. धावदोऱ्याबद्दलच वाक्य होतं ते. जात काही वेगळी बोलवावी लागली नाही, ती 'हातचं' या शब्दात आधीपासून बसलेली होती. 'विषय नको' असं म्हटलं की ज्याला लागलं त्यानेच गप्प बसायचं असतं, हा नियम आम्ही तिच्या पाठीमागे एकमताने पास केला. मीही मान हलवली.

चळवळीतल्या मैत्रिणींनाही एक चिमटा काढते. आपल्या शिबिरांत व्यासपीठावर असतात त्या 'ताई' आणि समोर सतरंजीवर असतात त्या 'बाया'. 'आमच्या बाया खूप हुशार आहेत' असं आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. आमच्या? कधी विकत घेतल्या? एका शिबिरात मी भाषणात तीनदा 'तळागाळातल्या महिला' म्हणाले. जेवणाच्या वेळी एक जण ताट घेऊन शेजारी येऊन बसली आणि हसत म्हणाली, "ताई, तळ बी आम्हीच आन् गाळ बी आम्हीच का?" तिने मला पाळी मागितली नाही, घेतली. फार बरं वाटलं. लाजही वाटली. त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडी आला नाही. त्याच्या जागी काय म्हणायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही. बहुतेक वेळा गावाचं आणि कामाचं नाव घेऊन भागतं.

बाई नंतर एकदा तिच्या घरी जाऊन आल्या, एकट्याच. वेचणीचे दिवस होते, दाराला कुलूप. शेजारणीपाशी निरोप ठेवला. काय निरोप, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती अजून आलेली नाही. रस्त्यात भेटली की माझ्याशी बोलते, पोरीच्या बारावीचं सांगते. शनिवारचं नाव काढत नाही.

तिची एक मोठी वाकळ आमच्या पेटीत अर्धवट पडून आहे. निम्म्या ओळी झालेल्या, सुई कापडात टोचलेली, दोऱ्याचं टोक लोंबतंय. मागच्या शनिवारी एकीने ती बाहेर काढली आणि म्हणाली, पावसाळ्यात कसर लागेल, आपणच पुरी करू या का? बाई पलीकडून पटकन म्हणाल्या, "हात लावू नका तिला!"

सगळ्यांच्या सुया थांबल्या. बाईंनीही आपलंच वाक्य ऐकलं असावं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "ती येऊन पुरी करील. ओळी तिच्या आहेत. तिच्याइतकं सरळ आपल्याला जमणार नाही. असं म्हणायचंय मला."

वाकळ घडी करून पुन्हा पेटीत ठेवली, कडुनिंबाचा पाला घालून. सुई तशीच टोचलेली आहे.